आमूच्या खोलीतला गारवा

नागपूरला भर मे महिन्यात परिषद भरवायची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याचा खरं तर वेगळा सत्कार करायला हवा होता. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि आत सभागृहात अशी थंडी, की इमारतींनी वीज कशी वाचवावी हे ठरवायला राज्यभरातून आलेली शहाणी माणसं दात वाजवत बसली होती. उद्घाटनाला ज्यांना शाली मिळाल्या, त्यांनी त्या चक्क पांघरल्या. सत्काराची शाल कोणाच्या उपयोगी पडल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं. बाकीचे त्या शालींकडे आशाळभूतपणे बघत होते.

रेणुका मेश्रामलाही शाल मिळाली होती. इमारत ऊर्जा संहितेच्या तांत्रिक समितीची ती अध्यक्ष. घर कसं बांधावं, भिंत किती जाड असावी, कोणत्या खोलीला किती वीज मिळावी, हे सगळं ज्या नियमांनी ठरतं ती ही संहिता, आणि त्यातली निम्मी कलमं रेणुकाच्या हातची. आजही दुपारच्या सत्रात कलम चौदा तीच मांडणार होती. चर्चा होईल, मग हिरवी-लाल कार्डं वर होतील आणि कलम पास होईल, याबद्दल कोणाला शंका नव्हती.

चहाच्या टेबलाशी ती पोचली तसा ऊर्जा खात्यातल्या दिवाकर काटोल्यांनी हाताने जागा केली.

"या मॅडम, शंभर वॅट वाढले."

या मंडळींची ही जुनी खोड. स्वस्थ बसलेलं माणूस साधारण शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतं, म्हणून इमारतीचं गणित मांडताना हे लोक माणसं वॅटमध्येच मोजतात. आयुष्यभर तसं मोजून मोजून त्यांच्या बोलण्यातही ते आलं होतं. कोणाच्या घरी बाळ झालं की "वॅट वाढले", कोणी निवृत्त झालं की "भार कमी झाला". बाहेरच्या माणसाला हे ऐकून गंमत वाटते, आतल्यांना आता वाटतही नाही.

"भाषण तयार आहे न?" काटोल्यांनी विचारलं. "आज तुमचं कलम पास झालं की मी सुखानं झोपतो. मागच्या उन्हाळ्यात खेड्यांतल्या लाइनी बंद ठेवून ठेवून लोकांच्या शिव्या खाल्ल्या मी."

"तयार आहे," रेणुका म्हणाली.

काटोल्यांचं दुखणं खरं होतं, आणि ते कळायला शहाणी भिंत म्हणजे काय ते कळायला हवं.

बर्फ वितळताना आजूबाजूची उष्णता पितो, पण पूर्ण वितळेपर्यंत स्वतः तापत नाही, हे शाळेत सगळेच शिकतात. पुण्याच्या डॉ. निळकंठ ढवळ्यांनी शून्याऐवजी सव्वीस अंशांना वितळणारा क्षार तयार केला, तो राईच्या दाण्याएवढ्या कुप्यांत भरला आणि त्या कुप्या भिंतीच्या गिलाव्यात कालवल्या. अशी भिंत गार पाण्याच्या नळ्यांनी आधी थिजवून ठेवली, की पुढे कितीतरी वेळ ती खोलीतली उष्णता पीत राहते. मग एसी लागत नाही, पंखा पुरतो. अडचण एवढीच, की भिंत थिजायला पाच-सहा तास जातात. माणूस घरी आल्यावर बटण दाबून उपयोग नाही. संध्याकाळी कोण येणार, हे भिंतीला दुपारीच ठाऊक असावं लागतं. म्हणून गिलाव्यात बारीक तंतू घातले. अंगाची ऊब आणि श्वासाचा ओलावा त्यांना जाणवतो. कोण आलं ते कळत नाही, कोणीतरी आलं एवढंच कळतं. आणि रोज कधी येतं ते भिंत लक्षात ठेवते आणि त्याआधी गार होऊन बसते.

दहा वर्षांत अशा भिंती घरोघरी झाल्या. आणि मग एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. लाखो घरं रिकाम्या खोल्याही गार करत होती. मुलं परदेशी गेलेली, म्हातारी माणसं वारलेली, नवरा-बायको वेगळे झालेले, पण त्यांच्या त्यांच्या खोल्या ठरल्या वेळी गार होत होत्या. सरकारी अहवालात याला 'रिक्तकक्ष भार' म्हणत, चहाच्या टेबलाशी 'भूतभार'. या भुतांना लागणाऱ्या विजेपायी ऐन उन्हाळ्यात खेडी अंधारात बसत होती.

त्यावर रेणुकाने कलम चौदा लिहिलं. घरात जितके रहिवासी नोंदलेले तितक्याच खोल्या गार ठेवायच्या. बाकीच्या खोल्यांच्या भिंतींची आठवण पुसायची आणि तिकडे जाणारी गार पाण्याची नळी कायमची सील करायची. फक्त अगदी सुरुवातीच्या काळातल्या घरांना यातून सूट होती, कारण त्यांच्या जुन्या नळ्या सील करायला गेलं तर फुटतात. हे कारण खरंच होतं. पण ते समितीत रेणुकानेच मांडलं होतं, आणि मानेवाड्यातलं तिचं स्वतःचं घर त्या सवलतीत बसत होतं, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या घरात आता ती एकटी राहत होती. नवरा गेला तेव्हा मुलगी लहान होती, पुढे दोघीच दोघींना. मुलगी आम्रपाली, घरातली आमू. कॉलेजात शिकवून साडेपाचला घरी यायची, पलंगावर आडवी पडायची, तळपाय वर भिंतीला टेकवायची आणि "आई, स्वर्ग आहे गं ही भिंत" म्हणायची. तीन वर्षांपूर्वी ती फिनलंडला गेली. तिथल्या जंगलात दगडफुलांवर संशोधन करते. आपण मसाल्यात घालतो ते दगडफूल. तिकडे त्यावर रेनडिअर जगतात म्हणे.

दोघींचं भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, निदान मिटवता तरी आलं असतं. बोलणं नुसतं पातळ होत गेलं. रविवारी फोन यायचा, हवापाणी व्हायचं, जेवणखाण व्हायचं, आणि मग दोघी गप्प. अशाच एका गप्प वेळी रेणुकाने सांगितलं होतं, की तुझी खोली अजून साडेपाचला गार होते गं, घर तुझी वाट बघतं. आमू हसली होती. कितीतरी दिवसांनी ती तशी हसली. तेव्हापासून फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "घर कसं आहे?" आणि रेणुकाचं उत्तर ठरलेलं. "वाट बघून राहिलं तुझी."

एवढ्यावर ती आठवडा काढायची. म्हणून तर ती सूट.

चहानंतर ती प्रदर्शनाच्या दालनात गेली. दुपारी कोणी आडवातिडवा प्रश्न विचारलाच, तर भिंतीबद्दलचे आकडे तोंडावर असावेत म्हणून. तिथे शहाण्या भिंतीची एक नमुना-खोली उभी केली होती आणि आत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर स्वतः डॉ. ढवळे कागदी कप घेऊन बसले होते. वय झालं होतं, ऐकू कमी यायचं, पण आपलं अपत्य दुसऱ्याच्या भरवशावर सोडवत नव्हतं.

"हात ठेवा," ते म्हणाले.

तिने पंजा भिंतीला टेकवला आणि काढला. शेजारच्या पडद्यावर लालसर पंजा उमटला आणि हळूहळू फिका होत गेला.

"हे तिच्या लक्षात किती दिवस राहतं, सर?"

"सवय म्हणाल तर सव्वा महिना. फार फार तर दीड."

"नव्या भिंतींचं म्हणताय तुम्ही. जुन्यांना जास्त राहत असेल ना?"

"जुन्या तर याहून विसराळू." ढवळे हसले. "मला दोन वर्षं टिकवायचं होतं. नाही जमलं. नवी सवय लिहायची म्हटलं की जुनी पुसली जाते, त्याला इलाज नाही."

रेणुका शेजारच्या खुर्चीत बसली. हा प्रश्न तिने तीन वर्षांत कोणाला विचारला नव्हता. अख्खी संहिता तोंडपाठ असलेल्या बाईला हा आकडा ठाऊक नसावा हे नवल. पण तिला तो नकोच होता.

"आमच्याकडे तीन वर्षं झाली," ती म्हणाली. "मुलीची खोली आहे. ती नसते इथे. पण रोज साडेपाचला खोली गार होते."

ढवळ्यांनी कप खाली ठेवला. "रोज? मग कोणीतरी जात असणार तिथे."

"कोणी नाही. मी एकटीच असते घरी."

"तुम्ही जाता का?"

"बसायला नाही जात. बघायला जाते. गार झाली का नाही ते. ऑफिसातून आल्या आल्या, पाचच मिनिटं."

"किती वाजता?"

रेणुका मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिली. ढवळ्यांच्या ते लक्षात आलं. ते हळू आवाजात म्हणाले, "पाच मिनिटं पुष्कळ होतात हो तिला."

बाहेर कोणीतरी माईकवरून जेवणाची सूचना देत होतं. रेणुका पडद्याकडे बघत बसली. तिचा पंजा केव्हाच पुसून गेला होता. आमू आली तर खोली गार हवी, ती तशी झाली का हे ती रोज बघायला जात होती. आणि भिंत म्हणत होती, बाई साडेपाचला येते, तिच्यासाठी गार व्हायला हवं. तीन वर्षं त्या घराने आमूची आठवण काढली नव्हती. दीड महिन्यात ते तिला विसरूनही गेलं होतं. आमू तीन वर्षांपूर्वी गेली होती, पण रेणुकाला ती आत्ता, या तीन भिंतींच्या नमुना-खोलीत, घर सोडून गेल्यासारखी वाटली. तिला रडू आलं आणि तिने ते सत्काराच्या शालीला पुसलं. ढवळे दुसरीकडे बघत राहिले.

डोळे पुसून झाल्यावर तिच्यातली इंजिनिअर जागी झाली, आणि तिला वेगळाच घाम फुटला.

भूतभाराचं गणित समितीने कसं मांडलं होतं? कोष्टकावरून. या लोकांकडे प्रत्येक गोष्टीचं कोष्टक असतं, तसं माणसाच्या दिवसाचंही होतं. एक रहिवासी, एक खोली. सकाळी इतके ते इतके घरात, संध्याकाळी इतके ते इतके स्वतःच्या खोलीत. घरात एकच माणूस नोंदलेलं असेल तर दुसरी खोली रिकामी, असं कोष्टक सांगत होतं. मग ती गार का होते? भिंतीच्या आठवणीमुळे. एवढं म्हणून सगळे मोकळे झाले होते. माणूस कोष्टक सोडून दुसऱ्या खोलीत जाऊन बसेल, हे शंभर वॅटवाल्या एकाही शहाण्याच्या मनात आलं नव्हतं. रेणुका तर स्वतः रोज जात होती, आणि तरीही आलं नव्हतं.

जेवणाला वडाभात होता. तिने ताट घेतलं आणि एका कोपऱ्यात उभी राहिली.

गप्प बसणं सोपं होतं. कलम पास झालं असतं, तिच्या घराला सूट होतीच. ढवळे काही व्यासपीठावर येऊन बोलणार नव्हते. रविवारी आमूने विचारलं असतं, घर कसं आहे, आणि रेणुकाने तेच उत्तर दिलं असतं. खोटं ठरलं म्हणून काय झालं, आमू हसते ना त्यावर? एवढ्या एका वाक्यावर त्यांचं माय-लेकीपण टिकून होतं. ते स्वतःच्या तोंडाने भर सभेत मोडायचं, आणि मग रविवारी बोलायचं काय?

पण तिला दुसऱ्या घरांची दारं दिसत होती. कोणी बाई संध्याकाळी मुलाच्या खोलीचं दार उघडते, कोणी म्हातारा बायकोच्या आरामखुर्चीत टेकायला जातो, आणि नळी सील, भिंत तापलेली, बाहेर सत्तेचाळीस अंश. बरं, आठवण पुसून तरी काय होणार? तो म्हातारा दुसऱ्या दिवशी परत जाऊन बसणारच. महिन्याभरात भिंत पुन्हा शिकणार. तिचं कलम नुसतं निर्दय नव्हतं, ते चुकीचं होतं, आणि चुकीचं कलम तिने आजवर एकही पास होऊ दिलं नव्हतं.

"मॅडम, वडा गार होऊन राहिला," काटोले जवळून जाताना म्हणाले.

दुपारच्या सत्राला सभागृह भरलेलं होतं. जेवणानंतर लोक झोपतात, पण त्या थंडीत झोपणं शक्य नव्हतं. सूचक म्हणून रेणुका उभी राहिली, अनुमोदक काटोले शेजारी बसले. तिने भाषणाची टॅब्लेट उपडी ठेवली.

"कलम चौदा मांडण्याआधी मला एक विचारायचं आहे," ती म्हणाली. "ज्यांच्या घरात एखादी रिकामी खोली आहे, म्हणजे जिच्यातलं माणूस आता तिथे राहत नाही, त्यांनी हिरवं कार्ड वर करा."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कार्डं वर झाली. निम्म्याहून जास्त होती.

"आता त्या खोलीत जे कधीच जात नाहीत, त्यांनी कार्ड खाली घ्या. झाडायला जाता, देवाला दिवा लावायला जाता, नुसतं खिडकी उघडायला जाता, तर वरच ठेवा."

ती थांबली. सभागृहात खुर्च्यांची कुरकुर झाली. दोन-तीन कार्डं खाली गेली, त्यातलं एक पुन्हा वर आलं. शेजारी काटोल्यांचा हात वर होता. ते आपल्याच हाताकडे बघत होते.

"बाबांची खोली आहे," ते कोणी न विचारता म्हणाले. "पेपर मी तिथंच बसून वाचतो."

"किती वाजता?"

"सकाळी. सातला. बाबा वाचत तेव्हाच."

"काटोलेसाहेब, तुमच्या बाबांना जाऊन किती वर्षं झाली?"

"पाच."

"भिंतीला दीड महिन्यापलीकडचं आठवत नाही. डॉ. ढवळे इथेच आहेत, त्यांना विचारा." रेणुकाने मागच्या रांगेकडे हात केला. "माझ्या मुलीची खोली तीन वर्षं रोज गार होते. मी समजत होते, घर तिची आठवण ठेवून आहे. तसं नाही. मी जाते म्हणून ती गार होते. आपण ज्याला भूतभार म्हणतो, ती भुतं नाहीत, आपणच आहोत. त्या खोल्या रिकाम्या नाहीत. आपलं कोष्टक चुकलं, आणि ते मी केलं होतं. मी कलम मागे घेते."

काटोल्यांनी माईक ओढून घेतला. ते चिडले होते, पण त्यांचा चेहरा नुसता चिडलेल्या माणसाचा नव्हता.

"मॅडम, ते सगळं ठीक आहे. पण मग खेड्यांना द्यायला वीज मी कुठून आणू?"

"आणता येईल," रेणुका म्हणाली. जेवणाच्या ताटावर उभ्या उभ्या तिने तेही गणित केलं होतं. "मी मुलीच्या खोलीत असते, तेव्हा माझी स्वतःची खोली रिकामी असते. तरी ती गार होते, कारण दोन खोल्यांच्या भिंती एकमेकींशी बोलत नाहीत. दोघींना वाटतं, बाई आपल्याकडेच येणार. त्यांना एकमेकींशी जोडा. माणूस एक असेल तर गारवाही एकीकडेच, तो जिथे जाईल तिथे. सील काही करायचं नाही. वीज वाचते तेवढीच."

मागच्या रांगेतून ढवळे मोठ्याने म्हणाले, "जमेल, जमेल. तारा आहेतच." कमी ऐकू येणाऱ्या माणसाने हे बरोबर ऐकलं होतं.

कलम समितीकडे परत गेलं. लाल कार्डंही होती, एक-दोघांनी भाषणात भावना आणू नयेत असंही सुनावलं. काटोल्यांनी मात्र हिरवं दाखवलं आणि बाहेर पडताना म्हणाले, "सातला खोली गार असते, तर मला वाटे बाबा..." रेणुकाने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि ती गाडीकडे गेली.

घरी पोचली तेव्हा साडेपाच वाजायला आले होते. दारात ती उभी राहिली. आज जाऊच नये असं एकदा वाटलं. महिना-दीड महिना गेलं नाही, की भिंत विसरेल, खोली तापेल, आणि मग तिथे जायला कारणच उरणार नाही. ती स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली, आणि मग सवयीने पाय तिकडेच वळले.

खोली गार होती. तोच पलंग, तेच टेबल, त्यावर आमूने पहिल्यांदा पाठवलेला दगडफुलाचा एक वाळका तुकडा. रेणुका आजवर या पलंगावर बसली नव्हती. दारात उभं राहून हवेचा अंदाज घ्यायचा आणि परतायचं, एवढंच. आज ती बसली, आणि रविवार नसताना तिने फोन लावला.

फिनलंडला दुपार होती. आमूच्या मागे वारा वाजत होता.

"आई? काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. काही झालं नाही."

"मग असा मधेच कसा काय फोन केला?" ती जरा थांबली. "घर कसं आहे?"

रेणुकाने भिंतीकडे पाहिलं.

"आमू, घर तुझी वाट नाही बघत. आज कळलं मला. ते तुला कधीच विसरलं. मी रोज येऊन बघते, म्हणून गार होते खोली." तिने श्वास घेतला. "घर नाही वाट बघत. मी बघते."

पलीकडे वारा वाजत राहिला.

"आई," आमू म्हणाली. "मला यंदाही यायला जमणार नाही."

"माहीत आहे मला. त्यासाठी नाही सांगत."

"घर कसं आहे म्हणून मी काय घराची चौकशी करायची का गं?"

बाहेर उन्हं अजून खिडकीच्या पत्र्यावर होती आणि कुठेतरी कुल्फीवाल्याची घंटी वाजत होती.

"आई," आमूने विचारलं, "तू कशी आहेस?"

रेणुका पलंगावर आडवी झाली. साडी सावरून तिने दोन्ही तळपाय वर भिंतीला टेकवले. गारवा पायांतून वर चढला.

"सांगते," ती म्हणाली. "वेळ आहे का तुला?"